दिव्यापर्यंतचे शेवटचे दोन फूट

उन्हाळा लागला की आमच्याकडे पीव्हीसी सिलिंगवाल्यांची चलती असते. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, दिग्रस, आर्णी या पट्ट्यातल्या गावांत कवेलूची, म्हणजे कौलांची, घरं मोडून टिनं पडली, त्याला आता बरीच वर्षं झाली. वांदरं कवेलू जागेवर राहू देत नाहीत, आणि ते फेरायला माणूस मिळत नाही. म्हणून टिन. टिनाखाली मे महिन्यात बसवत नाही, म्हणून त्याखाली पांढऱ्या पट्ट्यांचं सिलिंग. आणि सिलिंग आलं की त्यात गोल एलईडी पॅनल आलेच. मी वायरमन आहे. आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड केला, परवाना काढला, आता एका लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली कामं करतो. अलीकडे माझं निम्मं काम या सिलिंगच्या वर असतं, म्हणजे कोणाला न दिसणाऱ्या जागेत.

मामाजींच्या घराचं काम आलं ते अखाजीच्या सुमारास. मामेबहिणीचं साक्षगंध ठरलेलं, सोयरे पुसदकडचे, म्हणून हॉल आणि पुढची पडवी चकाचक करायची होती. सिलिंगवाल्या पोरांना इसार देऊन झाला होता. मामाजींनी मला फोन केला तो फक्त "लाईट लावून दे" एवढ्यासाठी. मी पहिला प्रश्न विचारला, सिलिंग लागलं का? नव्हतं लागलं. मी म्हटलं, मग त्यांना चार दिवस थांबवा, आधी मी येतो.

हे थांबवणं लोकांना पटत नाही. सिलिंगवाले म्हणतात, वायर लटकवून ठेवा, आम्ही पट्टीला भोक पाडून खाली काढतो. ते काढतातही. पण मी उघडलेल्या सिलिंगांच्या वर जे पाहिलं आहे ते सांगतो. दोन वायरींना पीळ देऊन वर टेप गुंडाळलेली, आणि टिनाच्या उष्णतेने टेपचा गोंद पातळ होऊन ती केळीच्या सालीसारखी उलगडलेली. पत्र्याच्या चॅनलच्या कापलेल्या धारेवरून गेलेली वायर. त्याच चॅनलमध्ये पट्टी ठोकताना स्क्रू थेट वायरीतून पार झालेला. एका घरी तर पूर्ण चॅनलमध्ये करंट होता आणि घरच्यांना वाटत होतं की सिलिंग पुसताना हाताला मुंग्या येतात ते पाणी गार असल्यामुळे. यातलं प्रत्येक काम करणाऱ्याच्या मते जोडणी बरोबरच होती, दिवा लागत होता. घोटाळा सगळा दिव्याच्या आधीच्या शेवटच्या दोन फुटांत.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण हे मला दर घरी सांगावं लागतं. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच जुना काढून तसाच नवा बसवणं, ज्याने फिटिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही, ते घरमालकाला चालतं. नवीन पॉइंट काढणं, लाईन वाढवणं, बदलणं हे लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडून, सुपरवायझरच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक वायरमनच्या हातूनच व्हायला पाहिजे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत हे होतं, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांत आलं, आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या विनियमांतही आहे. मामाजींना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अरे बापू, तूच तर हायस न परवान्यावाला, मंग कायदा कोनाले सांगून रायला?" आमच्या कॉन्ट्रॅक्टरचं नाव कागदावर लागेल, टेस्ट रिपोर्ट तो देईल, हे मी त्यांना पटवलं. पटलं असं नाही, पण त्यांनी मान हलवली.

घरातली जुनी फिटिंग लाकडी पट्टीची. सागाची पट्टी, तिच्यावर पितळी क्लिपा, आणि क्लिपांत पकडलेली दोन वायरींची जोडी. मधल्या खोलीत बल्ब लोंबत होता तो सिलिंग रोझमधून, म्हणजे छताला बसवलेल्या गोल डबीतून. ते रोझ मी खाली उतरवलं आणि ओट्यावर ठेवून उघडलं. काळं, बेकलाइटचं, झाकणाच्या आत कोळ्याचं वाळलेलं जाळं. कापसाची वेणी असलेली जुनी वायर आतल्या दोन भोकांतून वर येऊन पुन्हा खाली वळवलेली होती आणि मग टर्मिनलला गेली होती. म्हणजे बल्ब-होल्डरचं वजन त्या वळणावर, रोझच्या अंगावर. टर्मिनलच्या स्क्रूवर शून्य. होल्डरच्या टोपीतही तशीच गाठ. हे काम ज्या मिस्त्रीने केलं तो आता नाही. तो वायरचा नंबर 'तीन-बावीस', 'सात-वीस' असा सांगायचा आणि बहुतेक त्याने कोणतंही मानक वाचलेलं नव्हतं. पण मानकात जे आहे ते त्याच्या हातात होतं. आयएस ७३२, म्हणजे इमारतींमधल्या वायरिंगची भारतीय मानक संहिता, तिच्या १९८९ च्या आवृत्तीत सांगते की सिलिंग रोझ २५० व्होल्टच्या वरच्या सर्किटला लावू नये, एका रोझला साधारणपणे एकच लवचीक वायर जोडावी, रोझमध्ये फ्यूज बसवू नये. आणि त्याच्या त्या वळणामागचा हिशोब साधा, वजन टर्मिनलवर येऊ नये. आजची पोरं पॅनल लाईट त्याच्या स्वतःच्या वायरीला धरून खाली ओढतात तेव्हा मला त्या मिस्त्रीची आठवण येते.

काम सकाळी लवकर सुरू करावं लागलं. नऊ-साडेनऊनंतर टिनाखाली घोडीवर चढून उभं राहणं म्हणजे स्वतःला भाजून घेणं. विदर्भात ४५ अंश ही बातमी राहिलेली नाही, आणि टिन आणि सिलिंग यांच्या मधली जागा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी तापते. तिथली हवा कुठे जात नाही. वायर निवडताना हेच आधी पाहिलं. साधी पीव्हीसी वायर, आयएस ६९४ प्रमाणे टाइप ए, तिची तांब्याची तार ७० अंशांपर्यंत तापलेली इन्सुलेशनला सोसते. टाइप सी, म्हणजे जिला दुकानात 'एचआर' म्हणतात, ती ८५ अंशांपर्यंत. वायर किती अँपिअर वाहील याचे तक्ते आजूबाजूची हवा ४० अंश धरून काढलेले असतात. एलईडीचा भार नगण्य, त्यामुळे अँपिअरची चिंता नव्हती. चिंता इन्सुलेशनच्या वयाची होती. ते तापून तापून कडक होतं आणि जिथे वायर जोरात वाकवलेली असते तिथेच आधी तडकतं. सरळ वायर तशी बरीच वर्षं काढते.

दीड एमएमची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर तांब्याची, एचआर वायर घेतली. लाल, काळी, हिरवी. दुकानदार 'एक एमएम लावा, एलईडीला काय लागतं' म्हणत होता. एलईडीला लागत नाही हे खरं, पण लाईट पॉइंटला तांब्याची दीड एमएम ही कमीत कमी म्हणून संहितेत आहे. आणि उद्या त्या पॉइंटवर कोण काय लावेल हे आपल्या हातात नसतं.

पाइप टाकताना दोन गोष्टी ठरवून घेतल्या. पाइप टिनाला टेकणार नाही आणि सिलिंगच्या पट्टीवर लोळणार नाही. टिनाखालच्या लोखंडी पर्लिनच्या, म्हणजे टिन ज्यावर बसतं त्या आडव्या दांडीच्या बाजूने, टिनापासून वितभर खाली, सॅडल, म्हणजे पाइप धरणाऱ्या पकडी, मारून सरळ न्यायचा. सॅडल बेंडच्या (वळणाच्या) आणि कपलरच्या (दोन पाइप जोडणाऱ्या तुकड्याच्या) दोन्ही बाजूंना ३० सेंटिमीटरच्या आत. टिनावर हुप्प्या उडी मारतो तेव्हा अख्खं छप्पर थरथरतं, आणि सॅडल लांब लांब असले की पाइप कपलरमधून हळूहळू निसटतो. हे मी दुसऱ्यांच्या घरी पाहिलेलं आहे.

आता बेंड. इथे सगळ्यांत जास्त वेळ गेला आणि सगळ्यांत जास्त टोमणेही इथेच खाल्ले. संहितेच्या १९८९ च्या आवृत्तीत पाइपच्या वळणाबद्दल दोन आकडे आहेत, ते मी पाठ करून ठेवले आहेत. वळणाची त्रिज्या साडेसात सेंटिमीटरपेक्षा कमी नको. आणि एका आउटलेटपासून दुसऱ्या आउटलेटपर्यंत चार काटकोनांपेक्षा जास्त वळण नको. त्रिज्या मोजायला पट्टी घेऊन कोण बसतं? मामीकडे चहाची बशी मागितली, टेपने मोजली, काठापासून काठापर्यंत बरोबर १५ सेंटिमीटर भरली. म्हणजे बशीच्या काठाला धरून पाइप वाकवला की साडेसात. पाइप चपटा होऊ नये म्हणून आत स्प्रिंग घातली, बशी पाटावर धरली आणि पाइप तिच्याभोवती सावकाश फिरवला. मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "बशी फोडशीन न बापू, सोयऱ्याले कायच्यात च्या देऊ?"

पाइप गरम करून वाकवणं हा इकडचा आवडता प्रकार आहे. मेणबत्तीवर, गॅसवर, एकाला तर मी चुलीच्या निखाऱ्यावर वाकवताना पाहिलं. बाहेरून वळण छान गोल दिसतं. आत पाइप चपटा झालेला असतो, बाहेरची भिंत पातळ होते, आणि वायर ओढताना तिथेच अडकते. मग ओढणारा जोर लावतो, इन्सुलेशन घासतं, आणि ते कोणाला दिसत नाही. उन्हाळ्यात तर गरम करायचीही गरज नसते. अंगणात ठेवलेला पाइप आपणच मऊ पडतो, स्प्रिंगशिवाय वाकवला तर मधोमध मुरगळतो. म्हणून पाइप सावलीत, खाटेखाली ठेवले होते.

चार काटकोनांच्या नियमामागे घर्षण आहे, दुसरं काही नाही. प्रत्येक वळणावर वायर पाइपाच्या आतल्या भिंतीला दाबली जाते, ओढायचा जोर वाढत जातो, आणि चार वळणांनंतर तो इतका होतो की वायर ताणली जाते. मामाजींचा मुलगा अमरावतीला शिकतो. त्याने मोबाइलवर अमेरिकेतल्या एका इलेक्ट्रिशियनचा व्हिडिओ दाखवला. त्यांच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये हाच नियम अंशांत लिहिलेला आहे, एका खेचायच्या बॉक्सपासून दुसऱ्यापर्यंत सगळी वळणं मिळून ३६० अंश. चार नव्वदी तीनशे साठ. त्यांच्या लोखंडी पाइपचा आणि आमच्या पीव्हीसीचा हिशोब एकच निघाला याचं मला मनातून बरं वाटलं. त्यांच्याकडे आणखी एक नियम आहे. उघडता येणाऱ्या सिलिंगमध्ये शेवटच्या पकडीपासून दिव्यापर्यंत लवचीक पाइप सहा फुटांपर्यंत, म्हणजे १.८ मीटर, मोकळा सोडला तर चालतो. त्यापुढे तो कुठेतरी पकडायलाच पाहिजे. आमचं सिलिंग उघडता येणारं नव्हतं, पट्ट्या एकमेकींत अडकवून बसवतात, म्हणून मी ती मोकळीक घेतली नाही.

वळणाचा संबंध वायरींच्या संख्येशीही आहे, आणि हे फार कमी लोक पाळतात. २० मिमीच्या पाइपात दीड एमएमच्या वायरी किती, याच्या तक्त्यात दोन रकाने असतात. पाइप सरळ असेल, बॉक्सपासून बॉक्सपर्यंत ४.२५ मीटरच्या आत असेल आणि १५ अंशांपेक्षा जास्त वळत नसेल तर पाच वायरी. त्यापेक्षा जास्त वळला की चार. हॉलमधल्या सहा पॅनलचे दोन गट केले होते, दोन स्विच. म्हणजे फेजच्या दोन वायरी, एक न्यूट्रल, एक अर्थ. बरोबर चार. पंख्याची वायर त्याच पाइपात घालावी असं मामाजींचं म्हणणं होतं, "जागा हाय न पाइपात." जागा होती. पण पाइपाला तीन वळणं होती. पंख्याला वेगळा पाइप टाकला.

पॉइंटचा हिशोब तसाच चिकट निघाला. लाईट आणि पंख्याच्या एका सर्किटवर जास्तीत जास्त दहा पॉइंट आणि ८०० वॅट. हॉलचे सहा पॅनल, पडवीचे दोन, एक पंखा आणि एक झुंबर, झाले दहा. वॅट अडीचशेच्या आत. तेवढ्यात मामीने देवघराजवळ माळ लावायला एक सॉकेट मागितलं. ते मी मागच्या खोलीच्या सर्किटवर घेतलं. मामी नाराज झाली, कारण त्या खोलीचा स्विच बंद केला की माळ जाईल असं तिला वाटलं. तसं होत नाही हे लावून दाखवल्यावर ती शांत झाली. कूलरची लाईन अर्थातच वेगळी, अडीच एमएमची, स्वतःच्या एमसीबीवर. कूलरच्या पाण्यात शॉक लागून दर उन्हाळ्यात आमच्याकडे माणसं जातात, त्यामुळे कूलरच्या अर्थिंगबद्दल लोक आता ऐकून तरी घेतात. सिलिंगच्या वरचं ऐकत नाहीत, कारण ते सहसा हाताला लागत नाही.

आता बॉक्सपासून दिव्यापर्यंतचा लवचीक पाइप. 'फ्लेक्झिबल' म्हटल्यावर हवा तसा वाकवायचा असं सगळेच धरून चालतात. राखाडी रंगाचा, कड्याकड्यांचा पीव्हीसी पाइप तुम्ही जोरात दुमडून पाहा. बाहेरच्या बाजूच्या कड्या फाकतात, आतल्या बाजूच्या एकमेकींवर चढतात आणि आत एक धार तयार होते. पाइप सोडला की तो सरळ होतो, पण ती जागा कमजोर झालेली असते, पुढच्या वेळी तिथेच मोडतो. मी लवचीक पाइपलाही बशीचाच नियम लावतो. पर्लिनवरच्या बॉक्समधून तो आधी आडवा निघतो, बशीएवढं वळण घेतो आणि मग खाली उतरतो. बॉक्समधून सरळ खाली काढला तर त्याचं स्वतःचं वजन आणि दिव्याचा ओढा दोन्ही त्या तोंडावर येतात.

तोंडावर कनेक्टर लावला. ही पाच-दहा रुपयांची वस्तू आहे आणि ती न लावण्याबद्दल माझा राग आहे. कनेक्टरचा एक भाग पाइपच्या कड्यांवर फिरवून घट्ट बसतो, दुसरा भाग बॉक्सच्या भोकातून आत जातो, आणि आतून लॉकनट आवळायचा. आवळल्यावर पाइप धरून खाली ओढून पाहायचं. बॉक्स हलला पाहिजे, पाइप निघायला नको. कनेक्टर नसेल तर पाइप भोकात नुसता खुपसलेला असतो, उंदराने ढकलला की बाहेर, आणि मग बॉक्सच्या कापलेल्या कडेवर उघडी वायर घासते. मामाजींच्या घरात उंदीर आहेत. सोयाबीन घरातच भरून ठेवलेलं असतं, तर असणारच.

दिव्याजवळ पाइप किती ठेवायचा हा खरा अनुभवाचा भाग. मी एवढा ठेवतो की पॅनल सिलिंगच्या भोकातून काढून घोडीवर उभ्या माणसाच्या छातीपर्यंत खाली यावा आणि वायरीवर ताण नसावा. त्यापेक्षा कमी ठेवला तर पुढे दिवा बदलणारा माणूस एका हाताने पॅनल धरतो, दुसऱ्या हाताने अंधारात टर्मिनल शोधतो, आणि शेवटी वायर ओढतो. जास्त ठेवला तर वर गुंडाळी पडते, ती पट्टीवर बसते, आणि पॅनल आत ढकलताना तीच गुंडाळी ड्रायव्हरवर चढते. एलईडीचा ड्रायव्हर, ती छोटी पांढरी डबी, स्वतः तापते. तिच्यावर पाइप, धूळ, जाळी बसली की ती लवकर जाते. पोरं म्हणतात माल हलका आहे. माल हलका असतोही, पण पुष्कळदा ती डबी गुदमरून मरते.

प्रत्येक पॅनलसाठी एक छोटा बॉक्स, त्यात कनेक्टर-पट्टी, आणि बॉक्स पर्लिनला स्क्रूने पक्का. पीळ-टेप कुठेच नाही. बॉक्स नेमका त्या पॅनलच्या भोकाच्या वर ठेवला, म्हणजे पॅनल काढला की हात घालून झाकण उघडता येतं. जोड जिथे आहे तिथे पुढच्या माणसाचा हात पोचला पाहिजे, एवढंच पाहायचं. हिरवी वायर प्रत्येक बॉक्सपर्यंत नेली. प्लास्टिकच्या पॅनलला अर्थ लागत नाही, त्याच्या ड्रायव्हरला फक्त दोन वायरी असतात. मामाजींनी विचारलं, मग ही तिसरी कशाला? उद्या कोणी धातूचा दिवा आणला तर. आणि तो आलाच, दुसऱ्या दिवशी.

मामाजींच्या मुलाने ऑनलाइन झुंबर मागवलं होतं. खोकं उघडलं तर पितळी रंगाचं लोखंडी, काचेच्या लोलकांचं, हातात घेतलं तर चांगलं वजनदार. सोबत एक चमकदार लवचीक धातूचा पाइप आणि त्यात दोनच वायरी. खोक्यावर चित्र असं की सिलिंगला हूक मारा आणि अडकवा. कोणत्या सिलिंगला? पीव्हीसीच्या पट्टीला ते झुंबर अडकवलं असतं तर साक्षगंधाच्या पंगतीत कोणाच्या तरी पानात आलं असतं. पर्लिनला आडवा अँगल वेल्डिंग करून घेतला, त्याला हूक, हुकाला झुंबराची साखळी. वजन साखळीवर. वायर साखळीच्या कड्यांतून सैल ओवून आणली, साखळीपेक्षा थोडी लांब, म्हणजे झुंबर हललं तरी वायर ताणली जाणार नाही. मुलगा म्हणाला, तो धातूचा पाइप आहे ना, त्यातूनच अर्थ मिळेल. नाही मिळत. अर्थिंगच्या आयएस ३०४३ मध्ये स्पष्ट आहे की लवचीक पाइप अर्थची वायर म्हणून वापरायचा नाही. कड्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या असतात, गंज आणि धूळ बसली की विरोध वाढतो, आणि ज्या दिवशी गरज पडते त्याच दिवशी तो रस्ता बंद असतो. झुंबराच्या लोखंडी अंगाला भोक पाडून, रंग खरवडून, लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) लावून हिरवी वायर जोडली. रंग खरवडताना मुलाचा चेहरा पडला. लोलकांनी ती जागा झाकली.

पॅनल बसवायच्या आधी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावला. ड्रायव्हर सगळे सुटे होते, कारण ५०० व्होल्ट त्यांना सोसत नाही. स्विच चालू, मेन बंद, फेज आणि न्यूट्रल एकत्र करून अर्थशी. जुना हिशोब असा की ५० ला पॉइंटच्या संख्येने भागायचं, तेवढे मेगओहम आले पाहिजेत, पण एक मेगओहमपेक्षा जास्तीची सक्ती नाही. दहा पॉइंटला पाच येतात, म्हणजे एक पुरेसा. आमचा काटा शंभरच्या पलीकडे गेला. जुन्या मागच्या खोलीचं सर्किट मात्र अर्ध्या मेगओहमवरच थांबलं. मामाजींना काटा दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे हे बी बदलाव लागन?" हाव, मी म्हटलं, आणि दिवाळीआधी. तोपर्यंत त्या सर्किटलाही ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीखाली, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणाऱ्या स्विचखाली, घेतलं. तिचं टेस्टचं बटण मामीला दाबायला लावलं, खट्कन लाईन गेली तेव्हा ती दचकली, मग स्वतःहून पुन्हा दाबून पाहिलं.

सिलिंगवाली पोरं आली तेव्हा मी थांबलो होतो. त्यांचं चॅनल पाइपाखालून जाणार की वरून, हे त्यांच्या सोबत उभं राहून ठरवलं. स्क्रू कुठे मारायचा नाही ते पर्लिनवर खडूने खुणा करून दाखवलं. त्यातला मोठा पोरगा हुशार होता, म्हणाला, "भाऊ, असं कोनी सांगतच नाही आमाले. आमी तं वायर दिसली का बाजूले सारतो." खरं आहे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांचं काम पट्टीचं, माझं वायरचं, आणि दोघांना एका दिवशी एका घरात आणणं हे घरमालकाचं. ते कोणी करत नाही. भोकं पाडताना त्यांनी प्रत्येक पाइप आपल्या हाताने खाली घेतला, दुमडला नाही.

साक्षगंध झालं. सोयऱ्यांनी झुंबराचं कौतुक केलं, सिलिंगच्या वर काय आहे ते कोणी विचारलं नाही, विचारणारही नव्हतं. कोणता बॉक्स कोणत्या पॅनलच्या वर आहे आणि कोणता पाइप कोणत्या पर्लिनवरून गेला आहे, याचा कागद करून डीबीच्या, म्हणजे एमसीबींच्या डब्याच्या, दाराला आतून चिकटवला आहे. पुढचा वायरमन मीच असेन असं नाही.

शेजारचे काकाजी तेव्हाच येऊन पाहून गेले. त्यांच्या घरी सिलिंग गेल्या वर्षीच लागलं आहे, आणि पावसात आरसीसीबी पडते म्हणून कोणीतरी तिला बायपास करून दिलं आहे. मी त्यांना सांगितलं, ती बायपासची वायर आधी काढा, मग भिंतीकडच्या चार पट्ट्या उतरवाव्या लागतील, त्यात एखादी मोडेल, तिचे पैसे तुमचे. बायपास मी तिथेच काढून दिला. पट्ट्यांचं ते मृग लागायच्या आत कळवतो म्हणाले.